दवाखान्यातले चित्र, घरातला छापा: नाशिकमधील एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी यांनी गंगापूर रोडच्या बाजूला घेतलेल्या नव्या घरासाठी एका अमूर्त निसर्गचित्राचा फाइन आर्ट प्रिंट, म्हणजे चांगल्या कागदावर काढलेला छापा, घेतला. व्यवहार तसा लहान. सारा खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. तरीही तो सविस्तर नोंदवण्याजोगा आहे. परवानगी कोणाची घ्यायची, मूळ चित्राचे छायाचित्र कसे काढायचे, कागद कोणता निवडायचा, रंग बरोबर आले हे कोणी ठरवायचे आणि नाशिकच्या पावसाळ्यात फ्रेम कशी टिकवायची, असे छाप्याच्या खरेदीत सहसा सुटे सुटे भेटणारे प्रश्न येथे एकामागून एक समोर आले. या व्यवहारात माझा भाग फ्रेम आणि जतन यांविषयी सल्ला देण्यापुरता होता. संबंधितांच्या संमतीने आणि त्यांची नावे गाळून हे लिहीत आहे.

मूळ चित्र कॉलेज रोड परिसरातील एका खासगी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात लावलेले आहे. ४८ इंच रुंद आणि ३६ इंच उंच कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक रंग आणि वरून चकचकीत वॉर्निश असे त्याचे स्वरूप आहे. त्यात डोंगर, नदी किंवा झाड असे बोट ठेवून दाखवता येत नाही. खालच्या तिसऱ्या हिश्शात गेरू आणि पिवळ्या मातीचे जाड थर नाइफने (रंग ओढण्याच्या बोथट पात्याने) ओढलेले असून काही ठिकाणी ते खरवडून खालचा फिका निळा उघडा केलेला आहे. मधल्या भागात राखाडी-हिरव्या रंगाचे विरळ पट्टे आहेत. आणि वरच्या कडेजवळ जवळजवळ काळा वाटणारा निळा-जांभळा पट्टा आहे. जुलैत त्र्यंबककडे जाताना अंजनेरीच्या माथ्यावर ढग टेकतात तेव्हा दिसणारा रंग तो हाच, असे बाईंचे म्हणणे होते. चित्रकारांनी त्याला दुजोरा दिला नाही आणि नकारही दिला नाही. गृहस्थांच्या गुडघ्यावरील उपचारांसाठी या दवाखान्यात बरेच हेलपाटे झाले होते आणि प्रत्येक वेळी बाई त्या चित्रासमोर बसून राहत. पुढे छाप्याचा निकाल लावताना हे बसणे फार कामाला आले.

नाशिककरांच्या डोळ्यांना निसर्गचित्र म्हटले की गोदाकाठचे घाट आठवतात; शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांच्या जलरंगांनी ती दृष्टी घडवली आहे. अशा वास्तवदर्शी चित्राचा छापा बिघडला तर तो कोणालाही कळतो, कारण पाण्याचा, दगडी पायरीचा, सकाळच्या उन्हाचा रंग पाहणाऱ्याच्या आठवणीत पक्का असतो. अमूर्त चित्रात तो आधार नसतो. राम कुमार यांनी १९६० नंतर वाराणसीचे घाट हळूहळू अमूर्त केले, अकबर पदमसी यांनी सत्तरच्या दशकात ‘मेटास्केप’ नावाची चित्रे केली, वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि नाइफने थरांवर थर चढवले. या सर्वांच्या कामात रंगाची बारीक छटा आणि पृष्ठभाग हाच आशय आहे. राखाडी हिरवा किंचित तांबूस झाला किंवा काळ्याची खोली उणावली तर चित्राचा अर्थच सरकतो, पण पाहणाऱ्याला मात्र चित्रकाराला हेच हवे असावे असे वाटत राहते. म्हणून अमूर्त चित्राचा छापा घेताना मूळ चित्र डोळ्यांखालून गेलेला माणूस आणि चित्रकाराने मान्य केलेले प्रूफ (तपासणीसाठी काढलेला नमुना-छापा) या दोन गोष्टी कागदाच्या नावापेक्षा महत्त्वाच्या ठरतात. या प्रकरणातून मी काढलेला मुख्य निष्कर्ष हाच आहे आणि बाकीचे तपशील त्याच्याभोवती येतात.

स्वस्तातली पहिली खरेदी

माझ्याकडे येण्यापूर्वी दांपत्याने एक छापा ऑनलाइन मागवून पाहिला होता. दवाखान्यात मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून मुलीने शोध घेतला, तेव्हा एका विक्री संकेतस्थळावर तेच चित्र, चित्रकाराच्या नावाशिवाय, ‘म्युझियम दर्जाचा जिक्ले कॅनव्हास’ म्हणून चार हजारांच्या आत मिळत असल्याचे दिसले. जिक्ले हे नाव १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात इंकजेट छाप्यांसाठी रूढ झाले. ते कोणत्याही शाईची वा कागदाची हमी देत नाही. कोणीही कोणत्याही छाप्याला ते लावू शकतो.

आलेला कॅनव्हास लांबून बरा दिसत होता. गृहस्थांनी मात्र सवयीने खिशातले भिंग काढले. आयुष्यभर छपाईतील दोष शोधण्यात गेलेल्या नजरेला गेरूच्या भागात चौकोनी ठोकळे दिसले. जेपेग पद्धतीत प्रतिमा ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबली जाते आणि लहान फाइल फार मोठी केली की हे चौकोन वर येतात. समाजमाध्यमावरच्या १०८० पिक्सेल रुंदीच्या फोटोवरून ३६ इंच रुंद छापा काढला, तर इंचाला केवळ ३० पिक्सेल वाट्याला येतात. चांगल्या छाप्यासाठी ३०० धरतात. शिवाय कॅनव्हास दीड इंच जाडीच्या लाकडी चौकटीवर ताणताना चित्राचाच भाग कडांवरून मागे वळवला होता आणि वरचा गडद पट्टा निम्मा दिसेनासा झाला होता.

छापा ऑर्डरनुसार बनवलेला असल्याने परत घेतला जाणार नाही, असे विक्रेत्याचे पहिले उत्तर होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. कापलेल्या पट्ट्याचे आणि ठोकळ्यांचे फोटो जोडून हे लेखी कळवल्यावर पैसे मिळाले. हा भाग येथेच संपला, पण ते चित्र तेथे कोणाच्या परवानगीने विकले जात होते, हा प्रश्न त्यातून निघाला.

डॉक्टरांची हरकत नव्हती, पण

डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले, “चित्र माझंच आहे. फोटो काढा, छापून घ्या, माझी काही हरकत नाही.” बहुतेक खरेदीदार येथे थांबतात आणि बहुतेक छपाईवालेही पुढे विचारत नाहीत. प्रत्यक्षात डॉक्टरांच्या मालकीचा होता तो कॅनव्हास. चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार कॉपीराइटच्या मालकाचा असतो, आणि चित्र विकले म्हणून तो हक्क आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. त्याचे हस्तांतर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो.

एक बारकावा मात्र तपासावा लागला. कलम १७ मध्ये असा अपवाद आहे की एखाद्याने मोबदला देऊन, स्वतः सांगून चित्र काढून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो. दवाखान्यांत, हॉटेलांत आणि कंपन्यांच्या कार्यालयांत अशी सांगून करवून घेतलेली चित्रे पुष्कळ असतात. त्यामुळे डॉक्टरांना आधी हेच विचारले, की चित्र तयार होते ते घेतले की भिंतीचे माप देऊन करवून घेतले. ते प्रदर्शनातून घेतल्याची पावती त्यांच्या फाइलमध्ये सापडली आणि प्रश्न मिटला. परवानगी चित्रकारांचीच लागणार होती. डॉक्टरांची संमती हवी होती ती चित्रापर्यंत पोहोचण्यासाठी, आणि तीही तितकीच आवश्यक होती, कारण चित्रकारांकडे या चित्राची छपाईयोग्य फाइल नव्हती.

चित्रकार इगतपुरीकडे राहतात. संकेतस्थळावरील विक्रीविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते आणि स्वाभाविकपणे ते चिडलेले होते. त्या संकेतस्थळाला त्यांनी स्वतंत्र नोटीस दिली. दांपत्याच्या विनंतीवर प्रथम त्यांनी नाहीच म्हटले. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारण्याची जी पद्धत निघाली आहे, तिचा त्यांना राग होता. त्यांचे म्हणणे मला पटते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथील ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांचे रंगीत छापे, मराठी घराघरांत देवघराच्या भिंतीवर लागले. त्या काळी ओलिओग्राफवर वॉर्निश चढवून आणि पृष्ठभागाला पोत देऊन तो तैलचित्रासारखा भासवण्याची रीत होती. ज्यांच्या घरी मूळ चित्र कधीच येणार नव्हते त्यांच्यासाठी ती हौस समजण्यासारखी आहे, पण आजच्या खरेदीदाराला कागदावरचा छापा कागदावरचा छापा म्हणूनच द्यावा, हे अधिक प्रामाणिक आहे.

शेवटी ते तयार झाले ते स्वतःच्या अटींवर, आणि त्या एका पानावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. छापा केवळ कागदावर निघेल. प्रतिमेचा आकार ३२ × २४ इंच, म्हणजे मुळाच्या दोन-तृतीयांश, आणि हा एकच आकार राहील. २० प्रती आणि चित्रकाराच्या स्वतःच्या २ प्रती, त्यापलीकडे एकही नाही. प्रत्येक प्रतीवर समासात पेन्सिलने क्रमांक आणि सही. मागे ‘मूळ चित्राची छापील प्रत’ असा शिक्का. फाइल चित्रकारांकडे राहील. छायाचित्रणाचा खर्च दांपत्याने करायचा आणि त्याच्या बदल्यात पहिली प्रत त्यांना मानधनात सवलतीने मिळायची. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ड्रायपॉइंटसारख्या, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेल्या छापाचित्रात पत्रा झिजत जातो, त्यामुळे सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रतींत खरोखर फरक पडतो. इंकजेट छाप्यात पहिली आणि विसावी प्रत सारखीच निघते. क्रमांकाला अर्थ येतो तो केवळ चित्रकाराने दिलेल्या शब्दामुळे, आणि म्हणून तो शब्द लेखी असावा. गुंतवणूक म्हणून असा छापा घेऊ नये, हे मी दांपत्याला त्याच वेळी सांगितले. त्यांचा तसा हेतूही नव्हता.

छायाचित्र आणि प्रूफ

छायाचित्रण रविवारी, ओपीडी बंद असताना झाले. प्रतीक्षागृहातील ट्यूबलाइट बंद करून पडदे ओढले आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर दिवे लावले. वॉर्निशची चकाकी मारण्यासाठी दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तसाच फिल्टर बसवला. कॅमेरा कॅनव्हासला तंतोतंत समांतर आहे की नाही हे पाहण्याची छायाचित्रकाराची युक्ती साधी होती: चित्राच्या मध्यावर हातात एक लहान आरसा सपाट धरला आणि कॅमेऱ्यातून पाहिल्यावर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत तिवई हलवली. एका चौकटीत, म्हणजे एका फोटोत, २४ रंगांचा तक्ताही घेतला, म्हणजे पुढे रंग जुळवण्यासाठी आठवणीवर विसंबावे लागणार नाही.

कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा होता. त्याची एक चौकट ८२५६ × ५५०४ पिक्सेलची असते. २४ इंच उंचीच्या छाप्यात ती इंचाला २२९ पिक्सेल देते. हे वाईट नाही, पण नाइफच्या कडा धारदार यायला हव्यात म्हणून चित्राचे एकमेकांवर येणारे चार भाग घेऊन ते संगणकावर जोडले. ३०० च्या हिशेबाने ९६०० × ७२०० पिक्सेल लागत होते, त्याहून थोडे अधिकच हाती आले.

छपाई मुंबईतील एका फाइन आर्ट लॅबमध्ये, ४४ इंच रुंदीच्या पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर करायची ठरली. पिगमेंट शाईत रंग कणांच्या रूपात असतो आणि डाय शाईपेक्षा तो प्रकाशात कितीतरी अधिक टिकतो. लॅबने कागदाचे तीन नमुने पाठवले. त्यांपैकी सर्वांत पांढराशुभ्र नमुना बाईंना आवडला. गृहस्थांनी कपाटातून नोटा तपासण्याचा छोटा यूव्ही टॉर्च आणला, खोलीत अंधार केला आणि तिन्ही कागदांवर धरला. शुभ्र नमुना निळसर पांढरा लखलखला. उरलेले दोन मंद राहिले. नोटेचा कागद कापसाचा असतो आणि तो यूव्हीखाली चमकत नाही. चमकतो तो शुभ्रता आणण्यासाठी रसायन घातलेला कागद. हे रसायन काही वर्षांत निकामी होते आणि मग कागदाचा पांढरा पिवळसर होतो, त्याबरोबर चित्रातले सगळे हलके रंगही सरकतात. ज्या चित्रात फिका निळा आणि राखाडी हिरवा हेच बोलणारे रंग आहेत, त्यासाठी तो कागद बाद झाला. “अहो, पण तो किती स्वच्छ दिसत होता,” असे बाई म्हणाल्या. त्यावर गृहस्थांनी टॉर्च पुन्हा एकदा लावून दाखवला, अधिक काही बोलले नाहीत.

उरले ते मॅट कॉटन आणि बरायटा (बेरियम सल्फेटचा) थर असलेला कॉटन. माझा पहिला कल मॅटकडे होता, कारण खोलीला मोठी खिडकी होती. पण मॅट कागदावर काळा फार खोल जात नाही. शाई कागदाच्या रंध्रांत मुरते आणि गडद भाग धुरकट दिसतो. बरायटावर काळा कितीतरी घट्ट येतो, मात्र पृष्ठभागाला चकाकी असते. निर्णय चित्रकारांनी एका वाक्यात केला. छापा काचेमागेच जाणार आहे, मग प्रतिबिंब काचेचे पडणार, कागदाचे नाही. तेव्हा काळा कशाला सोडायचा? बरायटा कागद ठरला.

प्रूफ म्हणून पूर्ण चित्राची छोटी प्रत पाहणे हा सर्रास होणारा प्रकार आहे आणि तो जवळपास निरुपयोगी आहे, कारण लहान आकारात सगळेच नेटके दिसते. लॅबकडून आम्ही प्रत्यक्ष छाप्याच्याच मापाच्या तीन पट्ट्या मागवल्या: वरचा गडद पट्टा, मधला राखाडी-हिरवा भाग आणि खरवडलेल्या निळ्याचा तुकडा. चित्रकार, दांपत्य आणि मी त्या घेऊन दवाखान्यात गेलो आणि मूळ चित्राशेजारी, खिडकीच्या दिवसाच्या उजेडात धरल्या. गडद पट्टा जुळला. राखाडी हिरवाही जुळला. तिसऱ्या पट्टीवर आम्ही पुरुष मंडळी समाधानी होतो. बाई मात्र चित्राकडून पट्टीकडे आणि पट्टीकडून चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, इथे निळा मातीच्या खालून डोकावतो. यात तो वरून लावल्यासारखा दिसतोय.”

त्यांचे निरीक्षण अचूक होते. पोलरायझरने नाइफने उठलेल्या कडांवरची बारीक चकाकी मारली होती आणि दोन्ही बाजूंच्या सारख्या प्रकाशात त्या कडांच्या सावल्याही गेल्या होत्या. सावली गेल्यावर कोणता थर वर आणि कोणता खाली हे डोळ्याला कळेनासे होते, आणि फिका रंग स्वभावतः पुढे येतो. रंगमापक यंत्राला यात कोणतीही चूक सापडली नसती. मूळ चित्र न पाहिलेल्या ग्राहकालाही सापडली नसती. सुदैवाने छायाचित्रकाराने एका बाजूच्या दिव्याने, फिल्टरशिवाय घेतलेल्या चौकटी जपून ठेवल्या होत्या. त्यांतील सावल्या मूळ फाइलमध्ये हलक्या हाताने मिसळल्या, तेही चित्रकारांना शेजारी बसवून. त्यांनी एका टप्प्यावर हात वर केला: यापुढे गेलात तर ती खोटी जाडी होईल. पुढच्या पट्टीत निळा पुन्हा खाली गेला.

मंजूर पट्ट्या घरी नेऊन संध्याकाळी पाहिल्या तेव्हा राखाडी हिरवा तांबूस वाटू लागला. बैठकीत ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर प्रकाशाचे, स्वस्त एलईडी होते आणि त्यांच्या प्रकाशात काही राखाडी छटा अशा सरकतात. गृहस्थांनी सुचवले की फाइलच थोडी हिरव्याकडे न्यावी. चित्रकारांनी साफ नकार दिला. वीस प्रतींची फाइल एका घरातल्या बल्बसाठी बदलता येत नाही. त्यांचे बरोबर होते. दिवसाच्या उजेडात जुळलेले प्रूफ प्रमाण मानावे आणि घरातले दिवे दुरुस्त करावेत. ४००० केल्विनचे, रंग दर्शवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेले दिवे लावल्यावर तक्रार राहिली नाही, आणि त्याचा खर्च हजाराच्या आतबाहेर आला.

फ्रेमवाल्याचा आक्षेप

फ्रेमसाठी दांपत्याने रविवार कारंजा भागातील आपला जुना फ्रेमवाला धरला होता. त्याने छापा पाहताच विचारले, “काका, एमडीएफवर पेस्टिंग करून लॅमिनेशन मारू ना?” म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीवर छापा चिकटवून वर प्लास्टिकचा थर द्यायचा. नाही म्हटल्यावर त्याचा आक्षेप असा होता: “चिकटवलं नाही तर पावसाळ्यात याचा पापड होईल, मग मला सांगू नका.” हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नव्हता. जून ते सप्टेंबर हवेत ओलावा असताना कापसाचा कागद फुगतो, थंडीत आकसतो, आणि या हालचालीला जागा मिळाली नाही तर लाटा पडतात. त्याचे निदान बरोबर होते. उपाय मात्र छाप्याच्या मुळावर येणारा होता. एमडीएफमधून आणि गोंदातून आम्ल सुटते, ते कागद पिवळा करते, आणि एकदा चिकटवलेला छापा पुन्हा सोडवता येत नाही.

आम्ही छापा आम्लरहित माउंटबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) केवळ वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी टांगला. खाली आणि बाजूंना तो मोकळा राहिला, म्हणजे फुगला तरी खाली सरकायला जागा असते. चिकटवण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ वापरली; ती पाण्याने केव्हाही सोडवता येते. घरी कुरडयांसाठी काढलेला चीक चालेल का, असे बाईंनी विचारले. तत्त्व तेच आहे, पण कुरडईच्या चिकात मीठ पडते आणि गहू आंबवलेला असतो, त्यामुळे शुद्ध सत्त्व विकत आणले. फ्रेमवाल्याने हे सगळे कपाळाला आठ्या घालून केले, पण हात सफाईदार होता. माउंटची, म्हणजे छाप्यावर बसणाऱ्या पुठ्ठ्याची, खिडकी अशी कापली की पेन्सिलची सही आणि क्रमांक दिसत राहील.

काचेऐवजी यूव्ही रोखणारे अ‍ॅक्रिलिक घेतले. बाहेरून सुमारे ३९ × ३१ इंचांच्या या आकाराला ३ मिलिमीटरची काच सहा किलोच्या आसपास भरते, अ‍ॅक्रिलिक तीन किलोंच्या आत. कागद अ‍ॅक्रिलिकला टेकू नये म्हणून माउंटची जाडी दुप्पट ठेवली; ओलाव्यात बरायटाचा थर चिकटला तर तो तसाच्या तसा निघत नाही. मागे कोरुगेटेड प्लास्टिकची पाठ देऊन कडा टेपने बंद केल्या आणि खालच्या कोपऱ्यांना रबराचे बूच लावले, जेणेकरून भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल.

भिंत निवडताना थोडा वाद झाला. दांपत्याने ठरवलेली भिंत पश्चिमेकडची, बाहेरची होती. पावसाचा मारा तिच्यावर बसतो आणि खिडकीतले तिरपे ऊन समोरच्या सोफ्यापर्यंत पोहोचते. पिगमेंट छाप्यांच्या टिकाऊपणाचे जे आकडे सांगितले जातात, ते बहुधा ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश दिवसाला १२ तास असे गृहीत धरून काढलेले असतात. खिडकीतून थेट येणारे ऊन हजारो लक्स असते, तेव्हा ते आकडे तेथे लागू पडत नाहीत. संग्रहालये कागदावरील नाजूक कामांना ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. छापा शेवटी स्वयंपाकघराला लागून असलेल्या आतल्या भिंतीवर गेला, शेगडीच्या नेमक्या मागच्या बाजूला येणार नाही इतक्या अंतरावर. त्यासाठी टीव्ही हलवावा लागला आणि गृहस्थ त्यावर काही दिवस नाराज होते.

खर्चाचा ढोबळ हिशेब असा: छायाचित्रण आणि फाइलचे काम नऊ हजार, चित्रकारांचे सवलतीतील मानधन बारा हजार, पट्ट्यांसह छपाई साडेअकरा हजार, फ्रेम तेरा हजार. छपाईइतकाच, किंबहुना थोडा अधिक, पैसा फ्रेमवर गेला याचे दांपत्याला आश्चर्य वाटले. माझ्या मते हे प्रमाण योग्यच होते. चार हजारांच्या कॅनव्हासवर दोन हजारांची फ्रेम लावण्यापेक्षा आकार लहान करून हेच प्रमाण राखावे.

पहिल्या पावसाळ्यानंतर फ्रेम उघडून पाहिली. खालच्या डाव्या कोपऱ्याला कागदाला हलकी लाट आली होती. ती हिवाळ्यात आपोआप बसली. बिजागऱ्या शाबूत होत्या, बुरशी कोठेही नव्हती.

त्यानंतर पुण्याला राहणाऱ्या मुलीने आपल्या मोठ्या हॉलसाठी हाच छापा ४८ × ३६ इंचांत, म्हणजे मुळाच्याच आकारात मागितला. फाइल जोडलेल्या चौकटींची असल्याने तांत्रिक अडचण फारशी नव्हती आणि दुप्पट मानधन देण्याची तिची तयारी होती. चित्रकारांनी करारपत्रातील ‘एकच आकार’ ही ओळ दाखवून नकार दिला. मुलीला हे थोडे ताठर वाटले. तोपर्यंत आणखी चार प्रती इतरांनी घेतल्या होत्या, आणि त्या चौघांनाही हाच शब्द दिलेला होता. तिने ३२ × २४ इंचांचीच सहाव्या क्रमांकाची प्रत घेतली आणि उरलेल्या भिंतीसाठी चित्रकारांकडून दोन छोटी मूळ रेखाटने विकत घेतली.